दगडाखालचा पाव

हाल्वोरने पाठीवरची पिशवी उतरवली, आजूबाजूला पाहिलं आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी झटकन वाटेच्या कडेच्या दगडाखाली सरकवलं. मागून धापा टाकत येणाऱ्या दिघ्यांनी ते नेमकं पाहिलं.

त्यांच्या मुक्ताला याच माणसाच्या मुलाशी लग्न करायचं होतं आणि होकार द्यायचा की नाही, हे ठरवायला दिघे नॉर्वेला आले होते. पण हाल्वोरच्या अल्बममधून दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांचे फोटो काढून टाकलेले होते. जन्मभर ग्रंथपाल असलेल्या माणसाला फाडलेली पानं लगेच दिसतात.

"बाबा, फ्योर्ड बघायला आलोय आपण, झडती घ्यायला नाही," मुक्ता कुजबुजली.

खाली कड्यांच्या मधोमध आत शिरलेलं समुद्राचं निळंशार पाणी पसरलं होतं. दिघ्यांची नजर मात्र दगडावरून हलेना. आपलंच चुकत असेल, असं वाटूनही त्यांनी चाचरत विचारलं, "त्याखाली काय आहे?"

हाल्वोरचा चेहरा लाल झाला. "पाव. वरच्या तोफांसाठी जर्मनांनी ही वाट उपाशी युद्धकैद्यांकडून बांधून घेतली. गावातल्या बायका त्यांच्यासाठी दगडाखाली पाव ठेवायच्या." त्याने पिशवी पुन्हा पाठीवर चढवली. "माझे वडील तो शोधून फेकून द्यायचे. जर्मनांचे मुकादम होते ते. मुलाला अजून सांगितलेलं नाही."

 दिघ्यांनी आपल्या पिशवीतून बेसनाचा लाडू काढला आणि गुडघे टेकून पावाशेजारी ठेवला.

"लग्नाआधी सांगा त्याला, व्याहीबुवा."