जुनं लोखंड

कल्याणने जुनी कार घेतली. बारीकसारीक दुरुस्ती घरीच करायची म्हणून तो जॅक, पक्कड आणि पाने आणायला पाथर्डीला निघाला, तर केशरबाईंनी त्याला तिसगावच्या बाजारातच ओढून नेलं.

"नव्याचं काय खरं न्हाई. जुनं लोखंड इमानी असतं. तुझ्या बापानं जन्मभर जीप चालवली, मला नको शिकवू."

जुन्या हत्यारांच्या दुकानापाशी कल्याणचे पाय रेंगाळले. "आई, हितं नको. समदं भंगार हाय."

केशरबाई ऐकतात कुठल्या! त्या ढिगापाशी बसल्या आणि पाने चाळता चाळता एका रिंगपान्यावर त्यांचा हात थबकला. मुठीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी होती आणि पट्टीच्या कडेला कुंकू. ती पट्टी नवऱ्याने गुंडाळलेली, अन् कुंकू दर खंडेनवमीला त्यांनी स्वतः लावलेलं.

नवरा गेला त्याच वर्षी त्याची हत्यारांची पेटी चोरीला गेली. शेजारच्या साळूबाईच्या वैजनाथनेच ती नेली, असं कल्याण म्हणाला होता. तेव्हापासून केशरबाई आपल्या या जिवाभावाच्या मैत्रिणीशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

त्यांनी पाना दुकानदारापुढे धरला. "खरं सांग भाऊ, ह्यो तुला कुनी इकला? साळूच्या वैजनाथनंच न्हवं?"

दुकानदार त्यांच्या खांद्यावरून मागे बघून हसला.

 

"काय कल्याणराव, सवता इकला, अन् आता आईला पुढं करून परत न्यायला आलाय व्हय?"