अर्थिंगची वायर

पहिला ठोसा दातांवर बसला आणि तो परसातल्या भिंतीवर जाऊन आदळला.

मेहुणा फाटकातून आला तो थेट त्याच्या अंगावरच. बायकोला स्मशानात पोचवून आल्यापासून दोघं एकमेकांशी बोलले नव्हते.

"घराला अर्थिंगच नव्हतं म्हणे," मेहुणा म्हणाला आणि पुन्हा मारलं. "माझी ताई वॉशिंग मशीनला चिकटून मेली. तुला साधं अर्थिंग बघता आलं नाही?"

एरवी मेहुणा त्याला दाजी म्हणायचा, अहोजाहो करायचा.

त्यानं हात वर केला नाही. सकाळीच वायरमनला बोलावून त्यानं घर तपासून घेतलं होतं. जुन्या घरांत असायचं तसंच इथंही निघालं. जमिनीत पुरलेला वेगळा रॉड कधी नव्हताच. अर्थिंगची वायर पाण्याच्या लोखंडी पाइपाला आवळलेली आणि पाइप जमिनीत गेलेला. तेवढ्यावर घराचं इतकी वर्षं निभावलं होतं. मागच्या उन्हाळ्यात तो पाइप उखडून प्लास्टिकचा टाकला गेला. वायर राहिली तशीच, भिंतीत उरलेल्या जुन्या पाइपाच्या तुकड्याला बांधलेली. तिला जमीन उरली नव्हती, गळती वीज जायला वाटच नव्हती. पाइप कोणी बदलला, असं वायरमननं विचारलं. तो म्हणाला, मेहुण्यानं. प्लंबर आहे. ताईकडे पाणी कमी येतं म्हणून हातातलं काम टाकून आला होता, कुणाला मदतीलाही घेतलं नाही.

आता लाथ बरगडीत बसली. कोपऱ्यात खड्डा खणत असलेला वायरमन पहार टाकून धावत आला.

"अहो, सोडा त्यांना. त्यांची काही चूक नाही. तो पाइप..."

"वायर मी काढली," तो मध्येच बोलला. तोंडातून रक्त येत होतं, तरी शब्द स्पष्ट होते. "उगाच लोंबत होती. मीच काढून टाकली."

वायरमन जागच्या जागी थांबला.

नवीन अर्थिंगसाठी वायरमननं आणलेला रॉड मेहुण्यानं उचलला आणि दोन्ही हातांनी हाणला. त्यानं डोकं वाचवायला हात आडवा घातला. हाड कट्कन मोडलं. पुढचा घाव डोक्यातच बसायचा, पण वायरमननं मेहुण्याला मागून कवेत धरलं. रॉड फरशीवर घणघणत पडला. मेहुणा थोडा वेळ झटापट करत राहिला, मग अंगातलं बळ गेल्यासारखा ढिला पडला आणि नाकसुद्धा न पुसता रडायला लागला.

जाताना म्हणाला, "पुन्हा समोर आलास तर जिवंत सोडणार नाही."

"नाही येणार."

फाटक आपटलं. वायरमननं त्याला पायरीवर बसवलं, मोडक्या हाताला फळीचा तुकडा लावून आपल्या रुमालानं बांधला. बांधता बांधता चिडून विचारत होता, असलं खोटं बोलून काय मिळालं. उद्या मेहुणा पोलिसांत गेला तर काय करणार.

त्यानं तुटलेला दात मातीत थुंकला.

"हिनं कडेवर वाढवलाय त्याला," तो म्हणाला.