पिठातलं पाखरू

पप्पूनं टोपली उचलली आणि तो दचकून मागं सरला. दिव्याशेजारी, पिठात, चिमणीएवढं पाखरू बसलं होतं. पोटावर पिवळे पट्टे आणि पाठीवर चक्क माणसाची कवटी. त्यानं काडीनं डिवचलं, तर उंदरासारखं चीं करून ओरडलं.

आज त्याच्या बापाचा, हौशीरामचा, दहावा. मेलेला माणूस कोणत्या जन्माला गेला ते पिठातल्या ठशावरून कळतं, म्हणून बापानं जिथं जीव सोडला तिथं काल संध्याकाळी पीठ पसरून दिवा ठेवला होता. दिवा गुदमरू नये म्हणून टोपलीखाली खडा ठेवून फट सोडलेली. तिथनं हे शिरलं. तिळावर शेपटीला शिंग असलेली जाडजूड अळी पडते, तिचंच हे पाखरू. आळेफाट्याच्या पिकांच्या औषधाच्या दुकानातल्या शहाण्णवच्या कॅलेंडरवर दोघांचेही फोटो होते. पण भावकीला कॅलेंडर कोण दाखवणार? आणे गावात आजवर मेलेला एकही जण पिठात माणसाखेरीज दुसरं काही निघाला नव्हता. जित्तेपणी ज्यांच्याबद्दल शंका होती, तेसुद्धा.

शिवाय आई. साळुबाईनं दहा दिवसांत चहाशिवाय काही घेतलं नव्हतं. "पीठ बघीन, मंग जेवीन," एवढंच म्हणायची. कवटी बघून तिनं चहाही सोडला असता.

पप्पूनं पाखरू बाहेर नेलं, चपलेनं चेपलं. उरलेलं काम कोंबडीनं केलं. मग त्यानं पीठ सारखं केलं, मूठ वळून करंगळीच्या बाजूनं टेकवली, वर बोटानं पाच टिंबं दिली. गोकुळाष्टमीला आईनंच शिकवलेलं. बाळाचं पाऊल झकास उमटलं.

उजाडल्यावर भावकी जमली. चुलत्यानं, भिमाजीनं, टोपली काढली.

"माणसाचा जल्म! लई पुण्यवान गडी, राव!"

बायांनी हात जोडले. एकानं तर पेढ्यांची चौकशी केली.

पप्पूनं शेजारणीनं दिलेली भाकरी आईपुढं सरकवली. "बघितलंस ना? आता खा."

साळुबाई पावलाकडं बघत राहिली. मग तिनं ताट बाजूला सारलं.

"म्हंजी परक्याच्या घरी गेलं रं," ती म्हणाली. "मी आपली रोज दिवा लावताना म्हणत व्हते, किडामुंगी व्हा, पण हितंच या."