तब्येत जास्त हाय

ऋतिकाचं बारसं झालं ते साल अठ्ठ्याण्णव. वारूळवाडीला पाळणा हलला, जेवणावळी उठल्या आणि ऋतिकाच्या आजीचा सख्खा भाऊ भीमा इकडं कळंबला फोनपाशी बसून राहिला.

"तुझा आवाज नको मला," तानूअक्का त्या संध्याकाळी फोनवर म्हणाली. "आवाज रोजच ऐकतीया. तोंड दाखव."

"अक्का, हितं माणसं खोळंबल्याती."

"मग माणसांचाच भाऊ हो," म्हणून तिनं फोन ठेवला.

भीमा आधी मेंढरांमागं घाट उतरून पार कोकणात जायचा. हमरस्त्यावर ट्रकनं पाय चिरडला आणि अपंगांच्या कोट्यातून त्याला एसटीडी फोनचा बूथ मिळाला. तेव्हापासून पडवीतली फळकुटाची खोली, काच, मीटर आणि स्टूल.

"पायाला धूळ न्हाई, डोक्याला ऊन न्हाई," शेजारचा भगवंत येता-जाता म्हणायचा. "घरबसल्या काम. मज्जा हाय राव तुजी!"

"तू बस की दोन दिस. मी अक्काकडं जाऊन येतो."

"आमाला न्हाई जमायचं असलं बैठं काम," म्हणत भगवंत हसत निघून जायचा.

भीमाच्या डोक्यात तिडीक जायची. रानातला माणूस दिवस मावळला की घरी येतो. भीमा घरीच होता, तो कुठून येणार? घास उचलला की घंटी, अंगावर पाणी घेतलं की घंटी. बायको कुशाबाई कांदा काढायला जायची, शिवाय तिला आकडे लागत नव्हते. भाऊबीजेला तर बूथवर जत्रा. दरसाल अक्काच ओवाळणीचं ताट घेऊन कळंबला यायची. यंदा मात्र भीमानं शब्द दिला होता, काही झालं तरी मीच येणार.

गावाचे सगळे निरोप त्याच्याच हातून जायचे. मयताचा निरोप सांगायची एक रीत होती. फोनवर कुणी 'गेला' म्हणत नसे. ऐकणाऱ्याला अजून एसटी गाठायची असते, वाटेत त्याचं काही झालं तर? म्हणून म्हणायचं, "तब्येत जास्त हाय, निघा." ऐकणारा समजून जायचा आणि जास्त विचारायचा नाही. या निरोपावर गेलेल्याला माणूस जितं भेटल्याचं भीमानं कधी ऐकलं नव्हतं.

दिवाळी आठवड्यावर आली होती. सकाळी घंटी वाजली. वारूळवाडीहून भाचा, दादाभाऊ.

"मामा, आईची तब्येत जास्त हाय. निघा."

भीमानं भिंतीला हात टेकला.

"सारखी तुमालाच इचारतीया," दादाभाऊ म्हणाला.

हेही सगळे म्हणायचे. भीमा स्वतःच लोकांना असंच सांगायला शिकवायचा.

"येताना काय आणायचं?" त्यानं कसंबसं विचारलं.

"काय नको. तुमी या फक्त."

पोरगं सरळ कसं सांगणार, साडी आणा म्हणून? मेव्हणे गेणभाऊ हयात होते, म्हणजे अक्का सवाष्ण गेली. माहेरची हिरवी साडी अंगावर पडल्याशिवाय तिला उचलणार नव्हते. ती आणायची भावानंच.

भीमानं डोळे पुसले आणि एकेका चुलतभावाला फोन लावला. प्रत्येकाला तेच वाक्य. प्रत्येकजण समजला.

भगवंत पळत आला. "राव, तू जा. मी बसतो फोनपाशी."

"आता बसतोस व्हय?" भीमा म्हणाला. "सुतकात धंदा न्हाई." त्यानं कुलूप लावलं.

वारूळवाडी एका अंगाला, मंचर दुसऱ्या अंगाला. भीमा कुबडी टेकत मंचरच्या जीपमध्ये बसला. कापडाचं दुकान उघडेपर्यंत पायरीवर थांबला. दुकानदारानं पुढं टाकलेली साडी त्यानं बाजूला सारली.

"ही नको. चांगली काढा. जन्मभर तिनंच मला दिलं."

मग चुलतभाऊ आणि त्यांच्या बायका जमल्या, जीप ठरली. वारूळवाडीत शिरताच बायकांनी हंबरडा फोडला. दारात माणसं होती. ओट्यावर गेणभाऊ गुडघ्यात डोकं घालून बसले होते. भीमा साडी छातीशी धरून उतरला.

दादाभाऊ पुढं आला. त्यानं साडीकडं पाहिलं, मग जीपभर माणसांकडं.

"मामा, तुमाला कळलं कसं?" तो म्हणाला. "मघापासनं फोन लावतोय, तुमच्याकडं कुणी उचलतच न्हाई."

तानूबाई त्याच दिवशी सकाळी, भीमा मंचरला साड्यांचे पदर उलगडून बघत होता तेव्हा, दाराकडं तोंड करून वारली.