दहा लिटरचं गणित

दूध सोसायटीच्या दादासो सेक्रेटरीनं लीलाबाईंची किटली उचलून बाजूला ठेवली.

"उद्यापास्नं तुमचं दूध घ्यायचं न्हाई. मागं सात फॅट लागायचं, आता आठवडाभर पाच पॉइंट सहा. दहा लिटरात दोन लिटर पानी हाय."

दूध घालायला आलेली माणसं थबकली. पाणी ओळखायची काचेची नळी महिन्यापूर्वीच फुटली होती. तालुक्याहून येणाऱ्या फॅटच्या चिठ्ठीवरच सगळं चालायचं.

लीलाबाई मान खाली घालून उभ्या राहिल्या.

तेवढ्यात शिराळ्याच्या एस.टी.तून त्यांची लेक उतरली. विजयमाला सांगलीला मामाकडं राहून अकरावी शिकत होती. सेक्रेटरीचं बोलणं तिच्या कानावर पडलं आणि ती तरातरा पुढं आली.

"पान्यानंच फॅट उतरतं व्हय? दिवाळीत आमी गाय घेतलीया. तिचं दूध यात असंल तर?"

"बोलू द्या पोरीला," चेअरमन नानासो म्हणाले.

दराच्या फळ्यावर तिनं खडूनं लिहायला घेतलं.

"म्हशीचं दूध क्ष लिटर धरू. मग गाईचं, दहा वजा क्ष. म्हशीला सात फॅट, गाईला साडेतीन. दोन्ही मिळून दहा गुणिले पाच पॉइंट सहा, म्हंजे छप्पन्न."

सात क्ष अधिक पस्तीस वजा साडेतीन क्ष. साडेतीन क्ष बरोबर एकवीस. खडू थांबला.

"क्ष बरोबर सहा. म्हशीचं सहा लिटर, गाईचं चार. पानी एक थेंब न्हाई. आये, एवढंच घालतीस न्हवं?"

लीलाबाईंनी फळ्याकडं पाहिलं. एक अक्षर कळलं नाही, पण ऊर भरून आला.

"अगदी तेवढंच, बाळा."

नानासोंनी टाळी वाजवली. "दादासो, घ्या ती किटली. आन् बाईची माफी मागा."

दादासोनं चारचौघांत हात जोडले.

मळ्यातल्या वस्तीपर्यंत दोन मैल लीलाबाई भेटेल त्याला थांबवून सांगत होत्या, "माझ्या पोरीनं सेक्रेटरीला गप केलं." घरी पोचताच त्यांनी मीठमोहऱ्यांनी लेकीची दृष्ट काढली.

संध्याकाळी विजयमाला चरवी घेऊन गोठ्याकडं निघाली.

"आये, आज गाईची धार मी काढती."

"तिला हात लावू नगंस," लीलाबाई म्हणाल्या. "व्यायला अजून दोन महिनं हायती तिला."