चार टाळ्या

"थांबतच नाही हे!" व्यंकोबा घामाघूम झाला होता.

तो कुंभकोणमच्या कॉलेजात गणित शिकवायचा. घरच्या आठ बायका त्याने अंगणात गोल बसवल्या होत्या. बायका मानानेच बसल्या, थोरलीशेजारी तिची पाठची जाऊ. प्रत्येकीपुढे ताट, सुरुवातीला एकीच्याच ताटात एक चिंचोका. नियम साधा. दोन्ही शेजारणींच्या ताटांत बघायचं. एकीच्याच ताटात चिंचोका असेल, तर टाळीसरशी आपल्या ताटात एक ठेवायचा. नाहीतर आपलं ताट रिकामं.

सगळी ताटं किती टाळ्यांत रिकामी होतात, ते या खेळाच्या गुंतागुंतीचं माप. कागदावर उत्तर होतं चार. ते अंगणात जुळलं, तर मद्रासचे प्रोफेसर शेषाद्री व्यंकोबाला संशोधनाला घेणार होते. ते ओट्यावर कॉफीचा तिसरा टंबलर संपवत होते.

विसावी टाळी झाली. चिंचोके नाचतच होते.

"अय्यो! कागद तरी चुकला, नाहीतर बायका," म्हणत शेषाद्रींनी छत्री उचलली.

"कागद बरोबर आहे हो!" समोर बसलेली व्यंकोबाची बायको पंकजा ओरडली. "सासूबाई भवानीकाकींच्या ताटात बघतच नाहीत. काकीही त्यांच्या ताटात बघत नाहीत. दोघी रिकामं समजून चालल्यात!"

व्यंकोबाच्या लग्नात त्याच्या आईच्या, गंगाबाईंच्या सांबारात भवानीकाकींनी न विचारता आणखी चिंच कोळली होती. तेव्हापासून दोघी जावा एकाच चुलीवर रांधायच्या, पण एकमेकींचं तोंड बघायच्या नाहीत.

"आई, चारच टाळ्या," व्यंकोबा काकुळतीला आला. "मग खुशाल भांडा."

गंगाबाईंनी मान वळवली, देवळाचा रथ कोपऱ्यावर वळतो तशी, कुरकुरत. काकींनीही वळवली.

चौथ्या टाळीला आठही ताटं लख्ख रिकामी.

शेषाद्रींनी छत्री खाली ठेवली. "दोघींनी नजर फिरवली, तर सगळं अंगण नाचतं! यावरच लिहा. जूनमध्ये मद्रासला या. आता फक्त एकदा, आधीसारखं, न बघता करून दाखवा."

नवा चिंचोका ठेवला. दोघींनी माना ताठ केल्या. चौथ्या टाळीला ताटं पुन्हा रिकामी.

"तू बघितलंस!" भवानीकाकी फिसकन हसल्या.

"आधी तू!"

न बघण्याचा तो प्रयोग त्या घरात परत कधीच जमला नाही.