खोल विचार

"हलव ना माउस," शलाका म्हणाली.

"विचार करतोय," म्हणत निनादने हाताची घडी घातली.

पैज साधी होती. वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर दोघांनी बुद्धिबळ खेळायचं आणि जो हरेल त्याने आपल्या लग्नाचं घरी आधी सांगायचं. निनादचे वडील तापट होते, शलाकाचे त्याहून. आता निनादने काहीही केलं तरी पुढच्या चालीला मात ठरलेली होती. पण त्या कॉम्प्युटरची एक रीत होती. पाच मिनिटं कुणी हात लावला नाही, की माणूस उठून गेला असं समजून तो सगळं पुसायचा आणि पुढच्या वाचकासाठी कोरा व्हायचा. आणि ज्याची चाल त्याचाच माउस, हा नियम खुद्द निनादचा.

"मागच्या डावालाही असाच बसला होतास."

"खोल विचार आहे."

"डोळे मिटून?"

"खोल आहे म्हटलं ना."

स्क्रीन निळी झाली. राजा, वजीर, प्यादी, सगळं गेलं. 'नवीन वाचकाचे स्वागत आहे' अशी पाटी आली.

"अरेरे," निनाद म्हणाला. "कोण जिंकलं असतं, कुणास ठाऊक!"

शलाकाने शांतपणे घरी फोन लावला. "बाबा, मला एका मुलाशी लग्न करायचं होतं. हो, होतं. आता नाही. येतेच जेवायला."

निनादने पुन्हा विचार केला, या वेळी डोळे उघडे ठेवून. मग चाचरत म्हणाला, "म्हणजे नियमाप्रमाणे घरी आधी तूच सांगितलंस. डाव मी जिंकलो ना?"